जीव असेस्तोवर

गुरुवारी दुपारी बानू वाळवंटातल्या वफ्राच्या जमियात, म्हणजे तिथल्या सहकारी दुकानात, सामान आणायला गेली. कांदे घेतले, काळी सुकी लिंबं घेतली, बासमतीची पिशवी घेतली आणि शेवटी एक दणकट कुलूप घेतलं. गल्ल्यावरच्या मिसरी माणसाने कुलूप हातात तोलून विचारलं, शेतावर चोर आलेत काय? बानू आपल्या मोडक्या अरबीत म्हणाली, चोर एकच आहे, आणि तो मेलेला आहे. त्याला ही थट्टा वाटली. तो हसला, म्हणून बानूही हसली. दाभोळची बाई ती. भीती वाटली की आधी समोरच्यावर डाफरायचं, हा तिचा स्वभाव. पण त्या दिवशी डाफरायला समोर कोणी नव्हतं.

बानू आणि तिचा नवरा यूसुफ यांचं अर्धं आयुष्य त्या एकाच शेतावर गेलं होतं. तो खजुरीची झाडं आणि काचघरं बघायचा, ती मालकाचं स्वयंपाकघर. मालक म्हणजे म्हातारा हाजी, दिलदार पण हट्टी. त्याच्या आजोबांची दुनळी बंदूक दिवाणियात, म्हणजे पाहुण्यांच्या बैठकीत, भिंतीवर टांगलेली असे, दस्त्यावर चांदीची पट्टी. हिवाळ्यात दर गुरुवारी मगरिबच्या, म्हणजे सूर्यास्ताच्या नमाजाच्या, आधी हाजी ती काढायचा आणि कुंपणापलीकडच्या वाळूत ससे मारायचा. कायदा त्याला विचारत नव्हता आणि तो कायद्याला विचारत नव्हता.

हाजीची नजर पक्की होती, पण गुडघे गेलेले, पावलागणिक कटकट वाजायचे. बार उडाला की तो ओरडायचा, "यूसुफ, सिच्चीन!" सिच्चीन म्हणजे सुरी. छऱ्यांनी पडलेल्या सशाच्या गळ्यावर जीव असेस्तोवर सुरी फिरली तरच ते मांस हलाल. उशीर झाला तर मुरदार, टाकूनच द्यायचं. म्हणून यूसुफ धावायचा. धुळीने त्याला दमा लागला, छातीतून शिट्टी वाजू लागली, तरी धावायचा, आणि एकदाही त्याला उशीर झाला नाही. हाजी पाहुण्यांना ऐटीत सांगे, बंदूक आजोबांची आणि पाय यूसुफचे. बानू आत काळी लिंबं घालून सशाचं मचबूस, म्हणजे मांस घातलेला मसालेभात, शिजवत ते ऐकायची आणि तिच्या तळपायाची आग मस्तकात जायची.

उन्हाळ्यात हाजी वारला. परवाना बापाच्या नावाचा, म्हणून मुलांनी बंदूक पोलिसांत जमा केली. भिंतीवर खिळा तेवढा राहिला.

आणि थंडी पडली तशी गुरुवारी मगरिबच्या आधी काचघरांमागे बार उडाला.

"यूसुफ... सिच्चीन..."

यूसुफ जेवत्या ताटावरून उठला. बानू हाका मारत राहिली, पण तो गेला तो गेलाच. परतला तेव्हा हातात गळा कापलेला ससा होता. काय करावं ते न सुचून तिने तो शिजवला. लिंबांचा वास घरभर सुटला, झाकणाखालून वाफ आली, पण बोट लावलं तर मांस बर्फासारखं गार. यूसुफने ताट बंद दिवाणियाच्या दाराशी नेऊन ठेवलं. सकाळी ताटात चाटूनपुसून स्वच्छ केलेली हाडं होती. रात्री बानूने नवऱ्याचा हात धरला, तर तोही तसाच गार.

पुढचा बार कुंपणाशी उडाला, त्यापुढचा विजेच्या खांबांपाशी. दर वेळी लांब, दर वेळी यूसुफ जास्त खंगलेला. त्यांची मुलगी सना फहाहीलला नर्स होती. बानू त्याला एका गुरुवारी तिच्याकडे घेऊन गेली. समुद्राकाठच्या बाकावर शेंगदाणे खाता खाता तो उठला आणि अनवाणी दक्षिणेकडे, शेताच्या दिशेने चालू लागला. दोघींना आवरेना. पहाटे शेतावर परतला तेव्हा तळपाय फुटलेले होते, आणि दारात उभ्या बायकोला त्याने परक्या बाईसारखा सलाम केला. तेव्हा बानूला कळून चुकलं की आता पुढचा गुरुवार शेवटचा. हा गेला की परत यायचा नाही.

म्हणून ते कुलूप.

ऊन उतरलं तसं तिने यूसुफला खोलीत घातलं आणि बाहेरून कडी लावून कुलूप ठोकलं. आतून तो हळू आवाजात विनवत होता, "बानू, उघड... हाजी थांबलाय... उशीर झाला तर मुरदार होईल..."

"होऊं दे मुरदार," ती म्हणाली. "आज मी जातेय."

तिने फळीवरची सुरी कमरेला खोचली आणि बाराचा आवाज होण्याआधीच बाहेर पडली.

वाळूवर धुकं उतरत होतं. मागे काचघरांचे दिवे पुसट झाले, मग दिसेनासे झाले. जवळच कुठेतरी बार उडाला. बंदुकीच्या दारूचा जळका वास आला आणि त्यामागून हाजीच्या ऊदचा, त्याच्या धुपाचा, जो तिने स्वतः त्याच्या कफनाच्या दिवशी शेवटचा हुंगला होता. ती भ्याली होती, चांगलीच भ्याली होती, पण मागे वळली नाही.

एका खळग्यात ससा पडला होता. मागचं अंग छऱ्यांनी भरलेलं, डोळे उघडे. तो श्वास घेत होता, आणि प्रत्येक श्वासाला बारीक शिट्टी वाजत होती.

बानू गुडघ्यांवर बसली. ती शिट्टी तिला पाठ होती. उशीला उशी लावून वर्षानुवर्षं तिने ती ऐकली होती. यूसुफ दर गुरुवारी कुणाचा गळा कापून आणत होता आणि कुणाचं मांस ताटात वाढत होता, हे तिला त्या क्षणी समजलं.

"सिच्चीन..." अगदी मानेजवळ कुणीतरी म्हणालं. पाठोपाठ गुडघ्यांची कटकट.

सुरी फिरवली तर जीव हलाल, हाजीच्या ताटात जाणार. नाही फिरवली तर इथेच संपणार. बानूने सुरी उपसली आणि होता नव्हता तेवढा जोर लावून धुक्यात भिरकावून दिली.

"हलाल नाय आन मुरदार पन नाय," ती म्हणाली. "ह्यो जिता घरी येतोय माझ्यासंगती. काय करायचं ता करा, हाजी."

तिने ओढणीत ससा गुंडाळला. तेवढ्यात शिट्टी थांबली. छाती हलेना. बानूने उभ्या जन्मात नवऱ्याचं नाव घेतलं नव्हतं. तिच्या घरी बायका घेत नसत. हाक मारायची तर 'सनाचे अब्बा', नाहीतर नुसतं 'अवो'. आता तिने त्या लांब कानाला ओठ लावले आणि म्हणाली, "यूसुफ."

काही झालं नाही.

"यूसुफ... अरे यूसुफ..."

सशाने आचका दिला आणि शिट्टी पुन्हा सुरू झाली.

घरापर्यंत तिच्यामागे ती कटकट येत होती. बानूने एकदाही वळून पाहिलं नाही, पण तोंडाचा पट्टा सोडला. "आवशीच्या पोटातसून तुमच्यासाठी आनलेले पाय नव्हते ते... किती पळवलात त्याला, आनखी किती पळवाल? मीठ खाल्लं तुमचं, हाडं नाय विकली..." दाराशी कटकट थांबली. ऊदचा वास थोडा वेळ रेंगाळला.

कुलूप काढलं तर यूसुफ उंबऱ्याशी लवंडून झोपलेला. हाताला ऊब होती. बानूने दिव्याखाली ससा घेतला आणि भुवयांच्या चिमट्याने छरे वेचून काढले. एकेक छरा वाटीत पडला की उंबऱ्याशी यूसुफ झोपेत कण्हायचा. शेवटचा पडला आणि तो उठून बसला. "बानू," तो म्हणाला, "भूक लागली गे." त्या रात्री ती पहिल्यांदा रडली, भाकऱ्या थापत थापत, मनसोक्त.

आठवडाभरात यूसुफ सुधारला. दमा तर असा गेला की जणू कधी नव्हताच. ससा टोपलीखाली होता, गाजरं खायचा आणि शिट्टीचा श्वास घ्यायचा. बरा झाला की त्याला कुंपणापलीकडे सोडायचं बानूने ठरवलं होतं.

गुरुवारी यूसुफ बशीत ओतलेला चहा फुंकत बसला होता. लांबवर बार उडाला.

"यूसुफ... सिच्चीन..."

यूसुफने मानही वर केली नाही. त्याला काही ऐकूच आलं नव्हतं. बानू आनंदाने त्याच्याकडे वळणार, तोच टोपली हलली. आत ससा मागच्या पायांवर उभा राहिला होता, कान ताठ, तोंड दाराकडे.

खात्री करून घ्यायला तिने नवऱ्याकडे बघत हळूच म्हटलं, "यूसुफ..."

नवरा चहा फुंकत राहिला. ससा वळून तिच्याकडे बघू लागला.

बानूने पाटा ओढत आणला आणि टोपलीवर ठेवला. मग स्वतः त्यावर बसली, ओढणी खोचून, दाराकडे तोंड करून.

"नाय येनार तो," ती बाहेर ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली.

"कोण नाय येनार?" नवऱ्याने विचारलं. तिच्याखाली टोपलीच्या बांबूंवर नखं फिरू लागली होती.