दोघांत एक प्याला

कल्याणीने प्याला क्षणभर खाली ठेवला, तो फक्त हातमोजा काढायला. तेवढ्यात कुणीतरी तो उचललाच!

नॉटिंगहॅमच्या एका चर्चच्या हॉलमध्ये जुन्या वस्तूंची विक्री चालली होती. बाहेर पावसाची बारीक भुरभुर. टेबलावर कळकट किटल्या, कान तुटलेले मग, आणि त्यांच्या गर्दीत हा — फिकट गुलाबी, बोटभर उंच, किंचित वाकडा, हाताने घडवलेला जपानी प्याला. साके नावाची तिकडची दारू प्यायचा. आता तो एका भिजक्या केसांच्या उंच मुलाच्या हातात होता आणि मुलगा त्याला उलटा करून डोळ्यांशी नेत होता.

“काय मेला माणूस आहे,” ती पुटपुटली. “प्याल्याचं बूड काय बघतोय!”

“बूड बघितल्याशिवाय घ्यायची नसते,” मुलगा म्हणाला. चक्क मराठीत!

कल्याणी त्या प्याल्याहून गुलाबी झाली. पण गप्प बसेल तर ती नागपूरची कसली? “घ्यायचा नसतो. प्याला — तो. आणि तो माझा आहे.”

“सॉरी. माझा मराठी जरा वीक आहे. आजोबांनी शिकवली, लंडनजवळ स्लाऊमध्ये. मग त्यांनीच गिव्ह अप केलं.” तो हसला. हसताना त्याचा एक डोळा दुसऱ्याच्या जरा आधी मिटायचा. “बघ ना, खाली ग्लेझची चमक संपते तिथे बनवणाऱ्याचा अंगठा दिसते.”

“दिसतो. मला माहीत आहे. मीही जमवते हे प्याले. नाव काय तुझं?”

“साकेत.”

“थट्टा करतोस?”

“ऑनेस्टली! साकेचे कप जमवणारा साकेत. फ्रेंड्स रोज हसतात.”

प्याला एक, वेडे दोन, आणि माघार कुणीच घेईना. शेवटी टेबलामागच्या बाईने, नॉटिंगहॅमच्या रीतीप्रमाणे दोघांनाही लाडाने ‘डक’ म्हणत, तोडगा काढला — आठवडा आठवडा वाटून घ्या. बदक म्हटल्याचा राग दोघांनाही आला नाही.

मग शनिवार सुरू झाले. ट्राम स्टॉपजवळच्या कॅफेत, लोकरीच्या मोज्यात गुंडाळलेला प्याला या हातातून त्या हातात जायचा. दुसऱ्याच शनिवारी साकेतने मोठ्या ऐटीत साकेची बाटली आणली.

“मी पीत नाही,” कल्याणी म्हणाली. “आमच्या घरी पंचशील पाळतात. बाबा विहारात मुलांना शिकवतात. दारूला हात नाही लावायचा.”

“ओह... मग साकेचे कप कशाला?”

“चहाला.” ती जरा थांबली. “इथल्या हॉस्पिटलात नोकरीला आले, तो पहिला हिवाळा. मोठ्या मगातला चहा गार व्हायचा आणि समोर बोलायला कुणी नसायचं. असा एक प्याला मिळाला, तळहातात मावणारा. संपला की पुन्हा भरायचा. तेवढीच सोबत वाटायची.”

साकेतने बाटली गुपचूप बॅगेत ठेवली. त्यानंतर प्याला परत आला की कल्याणी आधी हुंगून बघायची. साकेचा वास एकदाही आला नाही.

“यात मी फक्त चहा पितो,” तो म्हणाला. “तुझी नियम आहे ना.”

“तुझा नियम,” तिने सुधारलं, आणि खिडकीबाहेर बघत राहिली. कारण डोळ्यांत पाणी येण्यासारखं त्यात काय होतं, हे तिलाच सांगता आलं नसतं. दोघांच्या चहाने प्याल्याचा गुलाबी रंग हळूहळू मधासारखा होत होता.

घरात एकत्र राहणारी मैत्रीण तनू तिला छळायची, “दारूचा थेंब नाही घेत म्हणे, आणि साकेत पार बुडालीस!”

बुडाली होतीच. पण साकेत काही बोलेना, आणि हिची जीभ इतरांच्या चुका सुधारायला तेवढी तीक्ष्ण. तशात तिला स्लाऊच्या हॉस्पिटलात बढतीची जागा मिळाली. एका प्याल्यासाठी दर शनिवारी तिथून इतक्या लांब कोण येतं? प्रेमात पडलेलं माणूस येतं. पण तसं आधी कुणीतरी म्हणायला नको?

शेवटच्या शनिवारी साकेत उशिरा आला. त्याने मोजा तिच्यापुढे सरकवला.

“तू ठेव. नेहमीसाठी.”

कल्याणीने मोजा परत त्याच्याकडे ढकलला. म्हणजे संपलं. वाटणीच नाही, तर भेटायचं तरी कशाला?

“अस्सं!” ती म्हणाली. आवाज कापला, त्याचाही तिला राग आला. “प्याला दिला की सुटलास, नाही का? छान. मला नको तुझा प्याला!”

“नाही, नाही, लिसन —” साकेतने तिचा हात धरला. पहिल्यांदाच. “मला प्यालाशिवाय यायचं आहे. स्लाऊला. प्याला घ्यायला नाही... तुला भेटायला. एक्सक्यूज नको आता.”

मघाचा राग कुठे ठेवावा, कल्याणीला कळेना.

“मी...” तो अडला. इंग्रजीतलं वाक्य उचलून एकेक शब्द मराठीत मांडत असावा. कान लालबुंद झाले होते. “मी... तुला... आवडतो.”

तिने सवयीने तोंड उघडलं. वाक्य साफ उलटं झालं होतं! सांगायला निघाला आपल्या मनातलं, आणि भर कॅफेत तिचंच गुपित फोडून मोकळा झाला होता. आणि वर उत्तराची वाट बघत, श्वास रोखून बसला होता बिचारा!

काय सुधारायचं यात? शब्दन् शब्द खरा होता.

“हो,” कल्याणी म्हणाली. “आवडतोस.”

साकेत गोंधळला. “वेट... नाही, आय मीन, मला —”

“तेही कळलं,” ती हसत म्हणाली, आणि धरलेला हात तिने सोडवून घेतला नाही. “पण ते स्लाऊला येऊन सांग.”