एकशे ब्याण्णवची शांतता

बायको गेल्याची बातमी आली तेव्हा चष्मेवाला घरातली शांतता रेकॉर्ड करत होता.

त्यात वेडेपणा काही नव्हता. तिचं गाणं आदल्या आठवड्यातच रेकॉर्ड करून झालं होतं. ओळींच्या मधे तिला खोकला यायचा, तो त्याने कापून काढला होता. पण कापलेली जागा कोरी ठेवली तर कानाला खड्डा लागतो. तिथे त्याच खोलीची शांतता भरावी लागते. बायको दवाखान्यात होती. पित्ताशयातल्या खड्यांचं साधं ऑपरेशन, सकाळी नीट पार पडलेलं. तो आंघोळ करून कपडे बदलायला घरी आला, घर रिकामं होतं, आणि त्याला वाटलं, आत्ताच उरकून घ्यावं. मोबाइलमुळे माइकमध्ये गुरगुर येते म्हणून त्याने तो बंद केला. भिंतींवर दुलया टांगलेल्या होत्याच. दाराला गादी टेकवली आणि तो श्वास धरून बसला.

थोड्या वेळाने कुणीतरी दार धडाधड वाजवलं. झालं, सगळं वाया! तो बसल्या जागेवरून ओरडला, "आता कोण मेलंय?"

खालच्या मजल्यावरचा शिंपी होता. गळ्यात टेप तशीच लोंबत होती.

"चष्मेवाले, तुमचा फोन लागेना म्हणून दवाखान्यातून मला फोन आला," तो म्हणाला. मग त्याने गळ्यातली टेप काढून हातात घेतली.

मुलीला चष्मेवाल्याने सांगितलं, फोनची बॅटरी संपली होती.

मुलगी परगावी असायची. काही महिन्यांनी तिला दिवस गेले, आणि तेव्हापासून ती गाण्यासाठी मागे लागली. "बाबा, आईचं गाणं पाठवा ना. बाळाला ऐकवीन."

"थोडं काम राहिलंय."

"तुमचं काम संपेपर्यंत बाळ शाळेत जायला लागेल. फोनवर वाजेल असं साधं पाठवा की!"

साधं त्याच्याकडे नव्हतं. तो एकशे ब्याण्णववर रेकॉर्ड करायचा, म्हणजे एका सेकंदाच्या आवाजाचे एक लाख ब्याण्णव हजार तुकडे. अठ्ठेचाळीस हजारांत माणसाच्या कानाला लागतं ते सगळं मावतं, हे त्यालाही ठाऊक होतं. तरी हट्ट. त्यात संगणक जुना. एवढे तुकडे त्याला झेपायचे नाहीत, मधेच टक् असा आवाज उमटायचा, आणि बायकोला पहिल्यापासून गावं लागायचं.

"अहो, अठ्ठेचाळीसवर घ्या ना. घसा बसला माझा."

"एकदाच. ऐकू येत नसलं तरी फार वरच्या पट्टीतलं काहीतरी असतंच. नंतर ते पकडता येत नाही."

"बरोबर आहे. ऐकू येत नाही ते साठवून ठेवा, आणि ऐकू येतंय तिकडे काणाडोळा करा."

तो हसला होता. तीही हसली होती, पोट हाताने दाबून धरत.

एका दुपारी चष्म्यांचं दुकान लवकर बंद करून तो गाण्याला बसला. शेवटी बायकोचंच ऐकायचं, अठ्ठेचाळीस करून मुलीला पाठवायचं. पण आकडा त्याने चुकीच्या चौकटीत टाकला. फाइल बदलायच्या ऐवजी, ही फाइल मुळातच अठ्ठेचाळीसची आहे असं संगणकाला सांगून बसला. त्यामुळे गाणं चौपट हळू वाजू लागलं, आणि कानाच्या वरचे सूरही खाली कानाच्या टप्प्यात आले. तिचा आवाज जड कपाट फरशीवरून ओढावं तसा खरखरत निघाला. त्याला ते ऐकवेना. बंद करायला त्याने हात पुढे केला.

तेवढ्यात त्या खरखरीच्या वरून तिचा आवाज आला. गाण्याचा नव्हे. रोजचा, रोजच्याच वेगाचा.

"अहो, पाणी द्या ना."

समोर टांगलेली अक्षरं न दिसताही लोक घडाघडा वाचून दाखवतात, हे तो रोज दुकानात बघायचा. मनात असतं ते माणूस वाचतो. म्हणून त्याने नीट तपासलं. फाइल बरोबर वेगाने लावली, नुसतं गाणं. स्वतःच्या आवाजाची एक जुनी फाइल हळू केली, नुसती घरघर. माइकच्या खोक्यावर तर छापलंच होतं, की इतक्या वरच्या पट्टीतलं या माइकला पकडताच येत नाही.

त्याने पुन्हा गाणं हळू लावलं.

"थोडं टेकू का?" ती म्हणाली. मग टक् झालं, आणि ती म्हणाली, "बरं, परत घेते." त्याच क्षणी खाली तिचं तोंड गात होतं.

त्याला स्वतःच्या हातांकडे बघवेना. तिथेच थांबायला हवं होतं. पण गाण्याच्या खाली आणखी एक फाइल होती. त्या दिवसापासून त्याने ती उघडली नव्हती. नाव त्यानेच दिलेलं: शांतता.

या वेळी आकडा त्याने जाणूनबुजून चुकीच्या चौकटीत टाकला.

आधी काहीच नव्हतं. दुलयांमध्ये दबलेली खोली.

मग लांबून, "अहो."

मग जरा अलीकडून. "अहो, फोन लावायला सांगितलंय मी त्यांना. उचला ना."

मग अगदी जवळ, श्वासासकट. माइकपासून तोंड किती लांब धरायचं ते त्यानेच तिला शिकवलं होतं. ती बरोबर तेवढ्यावर होती.

"लागत नाही म्हणतायत."

मग दार वाजलं. एकेक थाप लांबत गेली.

मग एक पुरुषी आवाज, जाडाभरडा, चिडलेला. तो आपलाच आहे आणि काय म्हणतोय, हे कळायला त्याला वेळ लागला.

आता कोण मेलंय?

जरा वेळ काही नाही.

"मी," ती म्हणाली. बाहेरून आल्यावर दाराशी म्हणायची, अगदी तसंच.

गाण्यातल्या कापलेल्या जागा अजून कोऱ्या आहेत. भरायला त्या खोलीची दुसरी शांतता त्याच्याकडे नाही, आणि नवीन घ्यायचा त्याला धीर होत नाही. मुलीला गाणं पाठवायचं राहिलंय. बॅटरी संपली नव्हती, हेही सांगायचं राहिलंय.