मोकाचा लॅपटॉप

हेडमास्तर फिलेमोनी घाम पुसतच वाहेगाच्या ओसरीवर आले. "कपाटातून एक लॅपटॉप गेलाय. किल्ली दुरुस्तीवाल्या तालिमाकडे असते. उद्या त्याला काढून टाकतोय."

"कुणाचा लॅपटॉप?" वाहेगाने विचारलं. फौजदारकी सुटली तरी बेटावरची गाऱ्हाणी त्याच्याच दारी येत.

"तसा मोकाचा. गेल्या वर्षी समुद्रात बुडाला ना तो पोरगा. आता वर्गातल्या लुपेला दिला होता, मोडला म्हणून दुरुस्तीला कपाटात आला होता."

वाहेगा मेहुण्याला, तोगियाला, घेऊन शाळेत गेला. कपाटात अकरा कोरे लॅपटॉप जागच्या जागी होते. गेलेल्याचा चार्जरही तिथेच होता.

तालिमा पेटलाच होता. "चोरायचंच तर नवा नेला असता. त्या डबड्याची बिजागरी मी तारेनं बांधलीय. आणि दुसरी किल्ली ऑफिसात खिळ्यावर लटकते, ते नाही सांगितलं मास्तरांनी?"

ऑफिस झाडायची सिना, मोकाची आई. दोघं तिच्या घरी गेले. अंगणात मोकाची कबर होती. वर त्याची सायकल, बूट, गळाची काठी, सगळं सिमेंटात बसवलेलं. या नियुए बेटावर मेलेल्याचं जे असेल ते त्याच्याबरोबर कबरीत जातं. सिनाने दोघांपुढे उकडलेला तारो, अळूचा कंद, ठेवला. तिच्या नखांत ओलसर सिमेंट होतं.

"मी काही पाहिलं नाही, भाऊ," ती म्हणाली.

बाहेर येताच तोगिया म्हणाला, "भाऊजी, तालिमाच तो. तोंड किती चालतं त्याचं."

"तुझ्या डोक्यात नारळाचं पाणी भरलंय. जा, मास्तरांना आणि तालिमाला इथेच घेऊन ये."

सगळे कबरीपाशी जमले. वाहेगा हळू बोलला. "अकरा नवे सोडून मोडका नेला, म्हणजे चोराला लॅपटॉप नको होता, मोकाचाच हवा होता. चार्जर ठेवला, कारण तो पुन्हा चालवायचा नव्हता. खिळ्यावरची किल्ली सिनाच्या हाताशी. कबर वर्षभराची, पण तिच्या नखांत सिमेंट आजचं. मास्तर, लॅपटॉप वाटताना तुम्ही पोरांना काय सांगितलं होतं?"

"हा तुमचा, कायमचा," फिलेमोनी पुटपुटले.

"आणि मेलेल्या पोराची वस्तू उचलून दुसऱ्याला दिलीत."

सिनाने मान वर केली. "त्याचं त्याला परत दिलं, मास्तर. तालिमाचं नाव येईल हे ध्यानात आलं नाही, चुकलंच माझं. सिमेंटात पुरण्याआधी एकदा उघडला, तर रिकामा. आधी त्यात त्याचे फोटो होते, गाणं म्हणतानाचा आवाज होता. लुपेला देताना तुम्ही सगळं पुसलं होतं."

कुणालाच तिच्याकडे बघवेना.