अठराव्या भागातली खिडकी

कोलकात्यात, गरियाहाटच्या एका गल्लीत, शिंप्याच्या दुकानावरच्या मजल्याकडे जाणाऱ्या जिन्यात, जान्हवीला मराठी आकडे ऐकू आले आणि ती पायरीवरच थबकली.

“एकतीस… बत्तीस… तेहतीस…”

आवाज पुरुषाचा होता, हळू, स्वतःशीच बोलल्यासारखा. गंमत म्हणजे हाच आवाज मिनिटभरापूर्वी दुकानदाराशी फर्ड्या बंगालीत घासाघीस करत होता. बोलणं बंगालीत आणि मोजणं मराठीत!

दुर्गापूजा होऊन पंधरवडा लोटला होता. मांडवांचे बांबू अजून रस्त्याकडेला पडलेले, आणि संध्याकाळ झाली की कुठूनसा छातिमच्या, म्हणजे सप्तपर्णीच्या, फुलांचा जड, गोड वास येई. तो वास जिन्यातही शिरला होता. जान्हवी उरलेल्या पायऱ्या चढली. काउंटरशी एक उंच, किडकिडीत तरुण पत्ते मोजत उभा होता. रंगीत, चकचकीत, ड्रॅगन आणि गलबतं छापलेले पत्ते.

“चाळीस भरतील ना?” तिनं मराठीतच विचारलं.

तो इतका दचकला की हातातला अर्धा कॅट जमिनीवर पसरला.

“आपण… मराठी?”

“आपण?” जान्हवीला हसू आवरेना. तिच्या वयाच्या कुणी तिला आजवर ‘आपण’ म्हटलं नव्हतं. “हो, आपण मराठी. आणि तुम्ही?”

“मीही. पण इथलाच. बागबाजारचा. आजोबा आले ते राहिलेच.” खाली बसून पत्ते गोळा करता करता त्यानं वर पाहिलं. “आपण खेळता?”

“छे! मी नुसती बघते. ‘वाऱ्याचा कॅट’ म्हणून एक अ‍ॅनिमे आहे…”

“माहीत आहे,” तो पटकन म्हणाला.

‘वाऱ्याचा कॅट’ ही जपानी चित्रमालिका. हारू नावाचा पोरका मुलगा बहिणीनं मागे ठेवलेला पत्त्यांचा कॅट घेऊन गावोगाव डाव खेळत जातो, त्याची चोवीस भागांची गोष्ट. तेच पत्ते दुकानांतही मिळायचे, आणि रविवारी तरुण मंडळी जमून ते खेळायची, अदलाबदल करायची. जान्हवी दर आठवड्याला त्या मालिकेच्या नव्या भागाची समीक्षा लिहायची. ठाण्याच्या मीनाताई ‘चौकट’ नावाचं मराठी संकेतस्थळ चालवत, तिथं ती छापून यायची. वाचणारे असतील शे-दोनशे. पण त्यांत ‘पानमोजे’ या नावानं लिहिणारा एक महाभाग असा होता, की त्यानं तिला भंडावून सोडलं होतं.

“म्हणून तर आले,” ती म्हणाली. “आठव्या भागात हारूच्या हातात पाच पत्ते होते असं मी लिहिलं. एक माणूस तेव्हापासून हात धुऊन मागे लागलाय, की चारच होते. म्हटलं, खेळ कसा असतो ते एकदा बघून घ्यावं.”

“चारच होते,” तरुण म्हणाला. “सात मिनिटं बारा सेकंद.”

जान्हवी त्याच्याकडे बघतच राहिली.

“तुम्ही… ‘पानमोजे’?”

त्याचे कान लाल झाले. “सिद्धेश. सिद्धेश बापट. आणि आपण जान्हवी परचुरे? मला वाटलं होतं, आपण वयानं बऱ्याच मोठ्या असाल.”

“ते का?”

“लिहिताना रागावता फार.”

बसथांब्यापर्यंत ते बरोबर चालले. बागबाजार म्हटल्यावर तिनं विचारलं, “म्हणजे मराठा खंदक सुरू व्हायचा तिथं? तो तर आपल्या लोकांनी शहरात शिरू नये म्हणून इंग्रजांनी खणला होता ना? मग तुम्ही कसे शिरलात?”

“आम्ही उशिरा आलो. खंदक बुजल्यावर,” तो गंभीरपणे म्हणाला. “रीतसर तिकीट काढून.”

तिची बस आली तेव्हा ती इतकी हसत होती, की कंडक्टरनं दोनदा विचारलं तरी उतरायचं ठिकाण सांगायला तिला सुचेना.

मीनाताईंना हे कळायचा अवकाश, त्यांनी फर्मानच काढलं. समीक्षा आता दोघांनी मिळून लिहायची. माणसांच्या मनात काय चाललंय ते जान्हवीनं लिहायचं, पत्त्यांचं सिद्धेशनं. आणि भाग एकत्र बसून बघायचा, म्हणजे नंतर भांडणं नकोत.

भांडणं व्हायची ती झालीच. दर शनिवारी दुपारी सिद्धेश गार्डन रीचच्या रेल्वे क्वार्टर्समध्ये, जान्हवीच्या घरी यायचा. डमडमच्या एका शाळेत तो गणित शिकवायचा, आणि हाताशी पेन्सिल-वही असल्याशिवाय त्याला काही बघताच येत नसे. पडद्यावर एक पान पडलं की वहीत एक रेघ. जान्हवी पत्त्यांकडे ढुंकूनही बघायची नाही. हारूची मान कधी खाली गेली, समोरच्यानं पान टाकायच्या आधी श्वास कसा घेतला, एवढंच ती बघायची.

“तो हरला कारण त्याला बहीण आठवली,” ती म्हणायची.

“तो हरला कारण त्याच्याकडे दोनच पानं उरली होती.”

“तुला ना, कुणी रडायला लागलं तर तू अश्रू मोजशील!”

“मोजावे लागतील,” तो शांतपणे म्हणायचा. “तू नेहमी एक जास्त सांगतेस.”

‘आपण’चं ‘तू’ कधी झालं, ते दोघांनाही कळलं नाही. घाबरला की मात्र तो अजून ‘आपण’वर जायचा. आजी-आजोबांकडून शिकलेलं त्याचं मराठी असं कधी कधी धोतर नेसून समोर यायचं, आणि जान्हवीला ते ऐकत राहावंसं वाटायचं. का, ते तिनं स्वतःला विचारलं नव्हतं.

तिच्या आईनं मात्र विचारलं. जान्हवीला नव्हे, त्यालाच.

“सिद्धेश, बागबाजारहून इथं यायला किती वेळ लागतो रे?”

“दीड तास, काकू. दोन बस बदलाव्या लागतात.”

“आणि तो तुमचा कार्यक्रम केवढा असतो?”

“चोवीस मिनिटं.”

“हं,” मंगलाबाई म्हणाल्या, आणि त्यांनी त्याच्या बशीत आणखी एक लाडू ठेवला.

नोव्हेंबरच्या मध्यावर बाबांच्या बदलीचा हुकूम आला. हुबळी. नव्या वर्षाच्या पहिल्या आठवड्यात हजर व्हायचं.

घरात कुणी दचकलं नाही. भालचंद्र परचुऱ्यांची ही सातवी बदली. भुसावळ, जबलपूर, विशाखापट्टणम… जान्हवीचं बालपण खोक्यांत भरून गावोगाव हिंडलेलं. तिनं स्वतःपुरती एक युक्ती काढली होती. निघायच्या आधी महिनाभर ती एकेक धागा आपल्याच हातानं सोडवून ठेवायची. मैत्रिणीला फोन कमी, खालच्या फुलवाल्याशी बोलणं कमी. म्हणजे निघायच्या दिवशी काही तुटत नाही. आता ती पुण्याच्या एका प्रकाशकाची पाठ्यपुस्तकं घरूनच तपासायची. ते काम कोलकात्यात बसून काय आणि हुबळीत बसून काय, सारखंच. म्हणून तुला कुठं राहायचंय, असं तिला कुणी विचारलं नाही. तिनंही नाही.

पण या खेपेला धागा हाताला लागेना. आज सांगू, उद्या सांगू करता करता दोन शनिवार गेले. शेवटी तिनं ठरवलं, की अठरावा भाग झाला की सांगायचं.

त्या शनिवारी उपसागरात कुठंसं वादळ उठलं होतं, आणि ऐन थंडीच्या तोंडावर दुपारभर पाऊस लागला. सिद्धेश भिजून आला. आईनं त्याला बाबांचा स्वेटर दिला. तो त्याला आखूड झाला, पण हसण्यासारखं जान्हवीच्या चेहऱ्यावर काही नव्हतं. ती पडद्याकडे बघत होती आणि मनात वाक्यं जुळवत होती. एका क्षणी पाऊस थांबला. खोलीत कोंदट झालं होतं. ती उठली, तिनं खिडकी उघडली. बाहेरून ओल्या मातीचा आणि नदीचा मिळून एक गार वास आत आला, तिचे मोकळे केस कपाळावर आले, आणि ती तशीच थोडा वेळ उभी राहिली.

भाग संपला.

“पुढच्या शनिवारी येऊ नकोस,” ती म्हणाली. “बाबांची बदली झालीय, हुबळीला. राहिलेले भाग मी एकटीच लिहीन. मीनाताईंना कळवते मी.”

त्यानं पेन्सिल वहीत ठेवली. वही मिटली.

“बरं,” तो म्हणाला.

“बरं?”

“अठराव्या भागाचं माझं टिपण सोमवारपर्यंत पाठवतो.” स्वेटर काढून त्यानं नीट घडी घातली, खुर्चीच्या पाठीवर ठेवला, आणि ओला शर्ट सारखा करत तो गेला.

सुटलं सगळं. किती सहज! मग खुर्चीच्या पाठीवरचा तो स्वेटर रात्रीपर्यंत तिनं का उचलला नाही, कोण जाणे.

टिपण सोमवारी आलं, छापलंही गेलं. मंगळवारी सकाळी जान्हवीनं उघडलं, तर खाली वाचकांची झुंबड.

‘कुठली खिडकी हो?’ ‘पानमोजे, चष्म्याचा नंबर वाढलाय!’ ‘पतंगाचं पान हारू पंधराव्या भागातच हरला ना?’ ‘ताप आहे का? काळजी घ्या.’

तिनं वर जाऊन टिपण वाचलं. सिद्धेशनं लिहिलं होतं: ‘हारूच्या हातात सहा पत्ते. दुसऱ्या डावात तो पतंगाचं पान उतरतो. पाऊस थांबतो, तेव्हा ती उठून खिडकी उघडते, आणि थोडा वेळ कुणीच काही खेळत नाही. या भागात याहून सुंदर काही नाही.’

आधी तिला रागच आला. सदर संपतंय म्हणून इतका निष्काळजीपणा? चांगला खरमरीत निरोप पाठवावा, म्हणून चुका काढायला तिनं भाग पुन्हा लावला, आणि जन्मात पहिल्यांदा पत्ते मोजले. सहा नव्हते, तीन होते. पतंगाचं पान कुठंच नव्हतं. भाग सगळा गलबताच्या तळघरात, एका कंदिलाच्या उजेडात घडत होता. पाऊस नव्हता. खिडकी नव्हती. आणि मुळात त्या भागात बाईमाणूसच नव्हतं. मग उठून खिडकी उघडणारी ‘ती’ कोण?

जान्हवीनं चित्र थांबवलं. हात हळूच स्वतःच्या कपाळावरच्या केसांकडे गेला…

सतरा भागांत एकही पान न चुकलेला माणूस चोवीस मिनिटं पडद्याकडे बघतच नव्हता.

शाळा सुटायच्या वेळी ती डमडमला पोचली होती. मेट्रोतून उतरून विचारत विचारत फाटकापाशी गेली, आणि मुलामुलींच्या लोंढ्यात तिला तो दिसला. खांद्यावर झोळी, हातात तपासायच्या वह्या. तिला पाहून तो जागच्या जागी उभा राहिला.

“खिडकी कुठाय?” तिनं विचारलं.

“कुठली?”

“अठराव्या भागातली.”

त्यानं वह्या एका हातातून दुसऱ्या हातात घेतल्या. “मीनाताईंचा फोन आला होता. दुरुस्ती पाठवतो म्हणालोय.”

“मग पाठव की.”

“त्यासाठी भाग बघावा लागेल ना.”

“म्हणजे, पुन्हा नाही पाहिलास?”

“एकदाही नाही पाहिला,” सिद्धेश म्हणाला.

वरून एक विमान खूप खालून गेलं. विमानतळ जवळ, त्यामुळे तिथं सगळ्यांनाच बोलता बोलता थांबायची सवय. ते जाईपर्यंत दोघंही थांबले, आणि तेवढ्या वेळात एकमेकांकडे बघण्यावाचून दुसरं काही करता येण्याजोगं नव्हतं.

“चोवीस मिनिटं काय करत होतास मग?” तिचा आवाज मघासारखा करडा राहिला नव्हता.

“ते आपल्याला… ते आपण ओळखलं आहे. म्हणून तर आलात.”

“घाबरलायस.”

“खूप,” तो म्हणाला.

“मग त्या दिवशी नुसतं ‘बरं’ म्हणून का निघून गेलास?”

“तू ठरवून सांगितलंस. ठरलेलं मोडायला सांगणारा मी कोण?”

“तेच विचारायला गार्डन रीचहून डमडमला आलेय. कोण?”

तो हसला नाही. “जान्हवी, थांब म्हणायला मला काय लागतं? एक शब्द. पण थांबणाऱ्याला खोली शोधावी लागते. आई-बाबा एकीकडे, आपण एकीकडे. आजारी पडलं तर कपाळावर हात ठेवायला घरचं कुणी नाही. हे सगळं तुझ्या वाट्याला येणार, आणि मी नुसता बोलून मोकळा.”

“माझ्या वाट्याचं माझं मी बघेन. तू तुझ्या वाट्याचं बोल.”

त्यानं वह्या फाटकाच्या कठड्यावर ठेवल्या.

“थांब,” तो म्हणाला.

आजवर भुसावळला कुणी म्हटलं नव्हतं. जबलपूरला नाही, विशाखापट्टणमला नाही. तिनं कुणाला तेवढं जवळ येऊच दिलं नव्हतं, तर म्हणणार कोण? इतका साधा शब्द, पण तिला तो पुन्हा एकदा ऐकायचा होता.

“ऐकू नाही आलं,” ती म्हणाली. आकाशात एकही विमान नव्हतं.

“थांब!”

सायकली घेऊन चाललेल्या त्याच्या वर्गातल्या तीन मुली गर्रकन वळल्या. “स्यार, की होलो?” काय झालं म्हणून त्यांतल्या एकीनं काळजीनं विचारलं.

“किछु ना, किछु ना, बाड़ी जाओ,” म्हणत सिद्धेशनं त्यांना घाईघाईनं घरी पिटाळलं. त्याचे कान असे पेटले होते, की मुली खुसूखुसू हसतच सायकलींवर बसल्या.

जान्हवीनं फोन काढला. सगळं बळ याच क्षणी अंगात होतं. घरी जाऊन, चहा पिऊन मग सांगू म्हटलं असतं, तर पुन्हा आजचं उद्यावर गेलं असतं.

“बाबा, कामात आहात?”

“बोल.”

“मी हुबळीला येत नाहीये. इथंच राहीन म्हणते. खोली बघेन. काम आहेच… आणि…” पुढचं वाक्य जुळेना.

पलीकडून कागद बाजूला सारल्याचा आवाज आला.

“तुझी आई,” भालचंद्रराव सावकाश म्हणाले, “आठ दिवस झाले, घरातलं सगळं बांधतेय. फक्त तुझं कपाट सोडून. मी विचारलं, हे का राहिलं? तर म्हणाली, तिला आधी तोंड तर उघडू दे.”

जान्हवीच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं.

“त्या मुलाला जेवायला घेऊन ये,” बाबा म्हणाले. “आणि माझा स्वेटर आखूड होतो त्याला. आईला म्हणावं, दुसरा काढून ठेव.”

फोन बंद झाला, तरी तिनं तो कानाशी तसाच धरून ठेवला. समोर सिद्धेश वह्या छातीशी कवटाळून तिच्या चेहऱ्यावरून काही कळतंय का ते बघत उभा होता. बाबा काय म्हणाले, ते त्याला अजून माहीत नव्हतं. डमडमच्या त्या गजबजलेल्या रस्त्यावर दिवे लागायला लागले होते, कुणाच्या तरी कुंपणात छातिमचा उशिरा आलेला एखादा घोस दरवळत होता, आणि तिनं ते दोन-चार क्षण मुद्दाम लांबवले…