खिडकीपाशी जमलेले मासे

चिंबोऱ्या, म्हणजे खेकडे, पाण्यातून वर का आल्या होत्या, हे वेणूला कळत नव्हतं.

ओहोटी लागली होती. समुद्रात रोवलेले डोलीचे खुंट उघडे पडले होते, आणि प्रत्येक खुंटाला, दोरीला चिंबोऱ्या घट्ट धरून बसल्या होत्या. हात लावला तरी पळत नव्हत्या. वेणूने एक सोडवून पाण्यात टाकली. ती लगेच पुन्हा वर चढू लागली. जणू पाण्यात राहणंच तिला नको होतं.

डोल म्हणजे लांबलचक पिशवीसारखं जाळं. ते खुंटांना बांधून ठेवतात आणि भरती-ओहोटीचं पाणी मासा आणून त्यात सोडतं. डोलीवाले माशामागे जात नाहीत. त्यामुळे वेलदांड्याच्या कोळ्यांची खरी मिळकत म्हणजे खुंटाची जागा. ती बापाकडून मुलाकडे येते. चांगल्या जागेवर मासा येतो, आणि नाही आला तर कोणीतरी तो वळवलेला असतो, असं सगळे धरून चालत.

या मोसमात वेलदांड्याच्या डोली रिकाम्या निघत होत्या. खाडीपलीकडच्या करंजटोकच्या डोली मात्र उचलता येत नव्हत्या, इतक्या भरत होत्या. करंजटोक हे वेणूच्या आईचं माहेर. तिथे धाकूमामाची डोल होती.

"उद्या सकाळच्या भरतीला आम्ही तिकडे खुंट रोवणार," वेणूचे बाबा दुपारी जेवताना म्हणाले.

"मामाच्या जागेत?" वेणूने विचारलं.

"समुद्राला मामा नसतो, बाय."

"माझा भाऊ कोयता घेऊन उभा राहील, तेव्हा त्याला पण हेच सांगा," आई म्हणाली आणि ताट न उचलताच आत गेली.

जेवण झाल्यावर वेणू धक्क्यावर गेली. संशोधन केंद्राने खाडीत एक पाणबुडा यंत्रमानव सोडला होता. तो तळापर्यंत जाऊन पाण्याची मोजमापं घेई आणि ऊन खायला, म्हणजे उन्हावर बॅटरी भरायला, वर येई; विचारलं तर बोलेही. हिरवा आणि फुगीर असल्यामुळे शाळेतली मुलं त्याला बेडूक म्हणत. त्याच्या संवेदकांवर (मोजमाप घेणाऱ्या अवयवांवर) चढलेलं शेवाळ पुसण्याची पाळी आज वेणूची होती.

"बेडका, चिंबोऱ्या वर का येतात?" पुसता पुसता तिने विचारलं.

"श्वास घ्यायला," बेडूक म्हणाला. "खाली विद्राव्य प्राणवायू (पाण्यात विरघळलेला प्राणवायू) जवळजवळ संपला आहे. मासे आणि चिंबोऱ्या कल्ल्यांनी तोच घेतात."

"संपला? कोणी संपवला?"

"उन्हात राहिलेली सोड्याची बाटली उघडली तर काय होतं?"

"फस्सकन वायू उडतो. मग नुसतं पाणी प्यायचं."

"आणि गार बाटली उघडली तर?"

"वायू बराच वेळ टिकतो."

"समुद्राचंही तसंच आहे. पाणी जितकं गरम, तितका त्यात वायू कमी राहतो. हवा तापते आहे, म्हणून समुद्र तापतो आहे. ही पहिली गोष्ट. दुसरी अशी की गरम पाणी हलकं असतं. ते वर तरंगतं आणि खालच्या गार पाण्यावर झाकणासारखं बसतं. याला स्तरण (पाण्याचे एकमेकांत न मिसळणारे थर होणं) म्हणतात. मग वरचा प्राणवायू खाली पोचत नाही. खाली मात्र मेलेलं सगळं कुजत असतं, आणि कुजण्यालाही प्राणवायू लागतो."

वेणूने फडकं पिळलं. "पण आमच्या डोली इतक्या खोल नाहीत."

"पाऊस सरल्यावर खोल समुद्रातलं ते पाणी किनाऱ्याकडे सरकतं. पूर्वीही थोडं सरकायचं. आता ते जास्त येतं आणि जास्त दिवस थांबतं. सध्या ते तुमच्या खुंटांपर्यंत आलं आहे."

"मग करंजटोकला मासे कसे?"

"तिथे खडक आहेत. लाटा खडकावर फुटतात, तेव्हा पाण्यात हवा मिसळते. खोलीत धूर भरला तर तू काय करशील?"

"खिडकीकडे पळेन."

"मासेही पळाले. करंजटोकला मासे वाढलेले नाहीत, वेणू. या किनाऱ्यावर उरलेले सगळे तिथे खिडकीपाशी जमले आहेत."

वेणूच्या हातातलं फडकं थांबलं. खिडकीच्या बाहेर धाकूमामाची डोल तोंड उघडून उभी होती. उद्या तिथे बाबांचीही असणार होती.

ती धावत किनाऱ्यावर गेली. बाबा आणि शेजारचे मोरेश्वरकाका होडीत खुंट चढवत होते. तिने सगळं सांगितलं. सोड्याच्या बाटलीपाशी काका हसले, पण बाबा हसले नाहीत. ते धक्क्यापर्यंत तिच्याबरोबर आले.

"म्हणजे मामाने मासा वळवला नाय," ते म्हणाले.

"नाही," बेडूक म्हणाला.

"हे पाणी परत जाईल?"

"वारा बदलला की जाईल."

"तवर मासे न धरता ठेवले, तर ते जगतील?"

"काही जगतील. ते अंडी घालतील."

"किती जगतील?"

"मला माहीत नाही."

बाबांनी खाडीपलीकडे पाहिलं. "धाकूला हे सांगितलं तर तो डोल काढील?"

"ते मला मोजता येत नाही," बेडूक म्हणाला.

"मी थांबायचं, आणि त्याने सगळे न्यायचे," बाबा म्हणाले. "वेणू, तुझं खरं असेल. पण खरं असलं तर मला आजच जायला पायजे, उद्यापर्यंत काय उरणार?"

वेणूला वाटलं होतं की समजलं की माणसं थांबतात. बाबांना समजलं होतं, आणि ते होडीकडे परतून अधिक घाईने खुंट चढवू लागले.

त्याच संध्याकाळच्या भरतीला वेलदांड्याच्या होड्या करंजटोकच्या खडकांपाशी पोचल्या. वेणू आणि आई धक्क्यावरून पाहत होत्या. पहिला खुंट रोवला जात असताना करंजटोकच्या होड्या आल्या. आधी शिव्या ऐकू आल्या, मग लाकडावर लाकूड आपटल्याचा आवाज. कोणीतरी बाबांची डोल कापली. दोन होड्या एकमेकींना घासल्या आणि मधे धाकूमामाचा हात सापडला. आई धक्क्यावरून खाली उतरली. ती पाण्यात गुडघाभर शिरली आणि तिथेच उभी राहिली.

पुढचे काही दिवस कोणी जागा पाहिली नाही, खुंट पाहिला नाही. मिळेल त्या जाळ्याने दोन्ही गावांनी खडकांपाशी मासे ओढले. बोटभर पिल्लंही सुटली नाहीत. मग एका सकाळी सगळ्यांची जाळी रिकामी आली.

वारा त्यानंतर बदलला. बेडूक वर आला तेव्हा वेणूने विचारलं, "आज खाली काय आहे?"

"प्राणवायू भरपूर आहे. पाणी उत्तम आहे."

"आणि मासे?"

"दिसले नाहीत."

बाबांनी बोटीच्या कारखान्यात काम धरलं. मामाचं नाव घरात निघेनासं झालं. दिवाळी गेल्यावर आई एकदा म्हणाली, "चल." दोघी खाडी ओलांडणाऱ्या तरीतून करंजटोकला गेल्या. धाकूमामा ओटीवर बसला होता. हाताचं प्लास्टर निघालं होतं, पण बोटं मिटत नव्हती. दोर धरता येईल असा तो हात राहिला नव्हता. आईने तो मांडीवर घेतला आणि तेल लावू लागली.

"तू आधी सांगितलं होतंस म्हणे," मामा वेणूला म्हणाला.

"बाबांना सांगितलं. तुला सांगायला आले नाही," वेणू म्हणाली.

"आली असतीस तरी मी डोल काढली नसती. तुझा बाप थांबणार नाय, असंच मला वाटलं असतं." त्याने खाडीकडे पाहिलं. "ते पाणी परत येईल?"

"दरवर्षी येईल. बेडूक म्हणतो, वाढत जाईल."

"येण्याआधी कळतं त्याला?"

"थोडे दिवस आधी कळतं. पण मासे परत येतील का, ते त्याला माहीत नाही."

मामाने न मिटणारी बोटं मिटायचा प्रयत्न केला.

"तर मग आधी कळलं की ये," तो म्हणाला. "पण एकटी नको येऊस. तुझ्या बापाला घेऊन ये. दोघांनी एकाच वेळी ऐकायला पायजे."

आईने हातावर आणखी तेल घेतलं. वेणूने मान हलवली. बाबा येतील का, हे तिला माहीत नव्हतं.