दोनशे बारा फिती

अडतीस गाड्या चिखलात उतरल्या होत्या, सदतीस परत आल्या होत्या आणि अडतिसावीची वाट बघत ती टेबलापाशी एकटीच बसली होती. डोक्यावर ताडपत्री, ताडपत्रीवर टपटप पाऊस, समोर अभिप्रायाच्या फॉर्मांचा गठ्ठा आणि तो उडू नये म्हणून त्यावर ठेवलेला जाडजूड पान्हा. बाकीचे स्वयंसेवक तंबू गुंडाळत होते. घरी जाऊन कढत पाण्याने आंघोळ करायची, एवढंच तिच्या डोक्यात होतं.

आणि गाडी आली. पण कुठून? जिथून सकाळी सगळे निघाले होते, तिथूनच! टपावर एक अख्खी फांदी अडकलेली आणि आत चिखलाचा एक पुतळा. पुतळा खाली उतरला, पाय आपटले आणि हसला. त्याचे दात तेवढे पांढरे राहिले होते.

"शर्यत संपली का हो?"

"ही शर्यत नाही, चिखलफेरी आहे. आणि संपून दीड तास झाला."

"म्हणजे माझा पहिला नंबर हुकला."

"उलट्या बाजूने मोजलं तर पहिलाच आहे," ती म्हणाली आणि फॉर्म पुढे सरकवला. "अभिप्राय भरा. हातही पुसा."

त्याने हात पँटला पुसले, म्हणजे जास्तच माखले, आणि मन लावून फॉर्म भरला. तिने वाचला. चहा – उत्तम. स्वयंसेवक – हसतमुख, एक सोडून. इथवर तिने सहन केलं. मग पुढचं आलं. वाट दाखवणाऱ्या फिती – बांधल्याच नव्हत्या.

झालं! तिच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. "बांधल्याच नव्हत्या? दोनशे बारा फिती बांधल्यात मी! एकटीने! काट्यांनी हात सोलून निघालेत माझे, हे बघा!"

त्याने बघितले. गरजेपेक्षा जरा जास्तच वेळ बघितले. "हात दिसतायत," तो म्हणाला. "फिती नाही दिसल्या."

आवाज चढलेला ऐकून काका आले. काका म्हणजे तिचे सख्खे काका, पण अख्खा क्लब त्यांना काकाच म्हणायचा. बावीस वर्षांपूर्वी त्यांनी एका दोस्ताबरोबर ही फेरी सुरू केली होती. दोस्त पुढे भांडून निघून गेला, फेरी राहिली. फितींचा लाल रंगही काकांनीच ठरवलेला. त्यावर कुणी अवाक्षर काढायचं नाही.

"लाल फिती आहेत, लाल!" काका कडाडले. "आंधळ्यालाही दिसतील अशा! जमीनवाल्यांनी आपल्याला फितींच्या आतली वाट दिलीय, बाहेर चाक टाकायला नाही. बाहेर जाईल त्याचं नाव कायमचं कट, हा नियम आहे. वर खोटंही बोलतोस?"

तो ओशाळला. चिखलातूनही ते कळत होतं. "काका, ही गाडी मी भंगारातून आणलीय. तीन वर्षं रोज हिच्याखाली झोपून काम केलं, ते या एका फेरीसाठी. मी कशाला बाहेर जाईन?"

"पुढच्या रविवारी बैठक आहे. अभिप्राय वाचले की नाव खोडायचं," काका म्हणाले आणि निघून गेले.

त्याने तिच्याकडे बघितलं. "उद्या चला माझ्याबरोबर. एक फीत दाखवा. एकच. दिसली, तर मीच माझं नाव खोडतो."

"एक काय, दोनशे बारा दाखवते. परवापर्यंत तिथेच आहेत."

सोमवारी तिची सुट्टी असायची. ती चष्म्याच्या दुकानात डोळे तपासायची आणि तिथे दिवसभर एकच प्रश्न विचारायची – हे बरं दिसतं, की हे? सकाळी तो गाडी घेऊन दारात हजर. आंघोळ केलेला माणूस बराच बरा दिसत होता. हे तिने स्वतःशीसुद्धा कबूल केलं नाही, ती गोष्ट वेगळी.

"तुम्ही करता काय?" तिने विचारलं.

"लोकांची कुलपं उघडतो."

"चोर आहात?"

"चोराला कुणी फोन करून बोलावत नाही. मला बोलावतात." त्याने गियर टाकला. "आधी वायरमन होणार होतो, मामाच्या हाताखाली. पण मी आमच्याकडे दिवा जोडला, की शेजारची घंटा वाजायची! मामा म्हणाला, बाबा रे, तू आपला किल्ल्या घास."

तिला हसायचं नव्हतं. पण हसू आलंच, आणि आलं ते थांबेना.

"हसताना छान दिसता," तो म्हणाला. "आणि हा... हा चिखलाच्या रंगाचा स्कार्फही छान आहे."

चिखलाच्या? नवाकोरा, लालभडक स्कार्फ! पुढची पाच मिनिटं ती खिडकीबाहेर बघत गाल फुगवून बसली.

पहिल्या वळणाला गाडी थांबली. समोर झुडूप, झुडपावर छातीच्या उंचीला फीत, वाऱ्यावर फडफडत असलेली. तिने हात केला. "ही काय!"

"कुठे काय?"

"ती! समोर!"

तो खाली उतरला. झुडपाला फेरी मारली, वाकून बघितलं, आत हात घातला. काटा लागला. "अहो, कुठे?"

"पुरे झाली नाटकं!" तिचा आवाज फुटला. "चार लोकांसमोर मला खोटी पाडलीत आणि आता इथे आणून चेष्टा करताय? मीच मूर्ख, की आले!"

"मी चेष्टा करत नाहीये," तो म्हणाला. "आईशप्पथ नाही."

तिने मान वळवली, आणि बघतच राहिली. त्याचा हात अजून झुडपात होता, फितीपासून जेमतेम वीतभर. बोटं एकेक पान चाचपत होती, अंधारात कुलपाचं भोक शोधावं तशी. चेहऱ्यावर चेष्टेचा लवलेश नव्हता. होती ती लाज, शाळेत फळ्यावरचं उत्तर न आलेल्या मुलाची.

तिने हळूच विचारलं, दुकानातल्या आवाजात. "माझा स्कार्फ कुठल्या रंगाचा आहे?"

"सांगितलं की... चिखलाच्या."

"आणि हे झुडूप?"

तो अडखळला. "तेही... साधारण तसंच."

ती मटकन दगडावर बसली. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच! सहा वर्षं लोकांचे डोळे तपासते, आणि साक्षात डोळ्यांसमोरचं कळलं नाही.

"काय झालं? बरं वाटत नाहीये का?"

"मला बरं वाटतंय. तुम्ही उद्या दुकानात या."

तो आला. तिने रंगीत ठिपक्यांचं पुस्तक उघडलं. "आकडा सांगा."

"आकडा? नुसते ठिपके आहेत."

दुसरं पान. तिसरं. सातव्या पानाला त्याचं हसू मावळलं. तिने पुस्तक मिटलं. "लाल आणि हिरवा तुम्हाला वेगळे दिसत नाहीत. जन्मापासूनच. हा आजार नाही, यावर औषध नाही आणि घाबरायचंही कारण नाही. वीस-पंचवीस पुरुषांत एखादा असतोच. सिग्नलला काय करता?"

"वरचा दिवा थांब, खालचा चल. त्यात काय?" त्याने मिटलेल्या पुस्तकावर हात ठेवला. "आईचे वडील फळ पिकलंय का ते नेहमी वास घेऊन बघायचे. आम्ही सगळे हसायचो."

"त्यांच्याकडूनच आलंय हे."

"म्हणजे शेजारची घंटा... तो माझा वेंधळेपणा नव्हता?"

"नव्हता."

तो हसला, आणि हसता हसता डोळे पुसायला लागला. "बत्तीस वर्षं झाली. मला वाटायचं, माझं कशात लक्षच नसतं. सगळे तेच म्हणायचे."

पुस्तक उचलायच्या निमित्ताने तिने त्याच्या हातावर हात ठेवला. पुस्तक काही लवकर उचललं गेलं नाही.

आता प्रश्न होता काकांचा. नुसतं सांगून ऐकतील तर ते काका कसले! तिला क्लबची पत्र्याची पेटी आठवली. क्लबची रीतच अशी, की दरवर्षी फॉर्म आग्रहाने भरून घ्यायचे, नीट मोजायचे, सुतळीने बांधायचे आणि पेटीत ठेवायचे. वाचायचं कुणी? सुरुवातीची काही वर्षं काकांनी वाचले, पुढे बैठकीत 'सगळ्यांना आवडलं' एवढं म्हटलं, की अभिप्राय वाचून झाले. तिने पेटी घरी आणली आणि चार दिवस, दुकानातून आली की, बावीस वर्षांचे फॉर्म वाचले. 'फिती दिसल्या नाहीत.' 'अर्ध्या वाटेत फितीच नाहीत.' दरवर्षी एक तरी, कधी दोन, एका वर्षी तीन. एकूण एकतीस. तळाशी तिसऱ्या वर्षाचा गठ्ठा होता. त्यातल्या एका फॉर्मवर कोपऱ्यात काकांच्या अक्षरात एकच शब्द होता – खोटारडा. फॉर्म कुणाचा, ते बघून तिने तो वेगळा काढून ठेवला.

रविवारी काकांच्या गॅरेजमध्ये बैठक भरली. तो दाराशी, टोपी हातात घेऊन उभा. काकांनी वही उघडून पेन काढलं.

"थांबा," ती उठली. "अभिप्राय वाचायचेत ना आधी? आज खरंच वाचू."

तिने एकतीसच्या एकतीस फॉर्म वाचले. "बहाणे आहेत सगळे!" काका गरजले. ठिपक्यांचं पुस्तक तिने बाकांवरून फिरवायला दिलं. बारा, आठ, एकोणतीस... जो तो आकडे सांगत पुढे देत होता. पुस्तक सचिवांपाशी पोचलं. सचिव म्हणजे काकांचा उजवा हात, अठरा वर्षं एकदाही वाट न चुकलेला माणूस. त्यांनी पान जवळ धरलं, लांब धरलं, चष्मा पुसला.

"यात... आकडा आहे?"

"तुम्ही?" काका उडालेच. "अहो, मग अठरा वर्षं फिती कशा दिसल्या तुम्हाला?"

सचिवांनी खाली बघितलं. "कुठल्या फिती? मी आपला पुढच्या गाडीच्या मागे जायचो, काका."

गॅरेज हसून हसून कोसळायचं बाकी राहिलं. काका तेवढे हसले नाहीत. तिने त्यांच्यापुढे शेवटचा फॉर्म ठेवला. काकांनी अक्षर ओळखलं. त्या दोस्ताचं होतं. त्यांनी तो वाचला, मग कोपऱ्यातला स्वतःचा शब्द वाचला, आणि हळूहळू खाली बसले.

"एकोणीस वर्षं," ते म्हणाले. "त्याने खरं सांगितलं होतं, आणि मी त्याला एकोणीस वर्षं खोटारडा म्हणतोय."

ते फोन घेऊन अंगणात गेले. आतून सगळं ऐकू येत होतं. "अरे गाढवा, मी बोलतोय! ठेवू नकोस! तुला लाल रंग दिसत नाही, हे सांगायचं नाहीस का?... काय? तुलाच माहीत नव्हतं?... हो. हो रे. चुकलं माझं. ये तू. आधी ये, मग शिव्या दे."

आत आले तेव्हा काकांचे डोळे भरलेले होते. त्यांनी वही मिटली. "कुणाचं नाव खोडायचं नाही," ते म्हणाले. "फितींचा रंग बदला. आणि त्या किल्लीवाल्यालाच विचारून बदला."

मग काय! रोज सकाळी, दुकान उघडायच्या आधी, ती झुडपांना रंगीत फिती बांधायची आणि तो पन्नास पावलांवर उभा राहायचा.

"हे बरं, की हे?"

"दुसरं... नाही, पहिलं. छे, लांबून कळत नाही. जवळ येऊन दाखवा."

ढगाळ दिवशी बघितलं, उन्हात बघितलं, रिमझिम पावसात एका छत्रीत बघितलं. निळी फीत चांगली दिसते, हे खरं तर पहिल्याच सकाळी कळलं होतं. पण चाचणी सहा आठवडे चालली आणि दोघांपैकी एकानेही काकांना ताकास तूर लागू दिली नाही. तिसऱ्या आठवड्यात 'तुम्ही'चं 'तू' झालं. कसं झालं, तेही कळलं नाही.

पुढच्या वर्षीच्या फेरीला चाळीस गाड्या उतरल्या, आणि चाळीसही योग्य बाजूने परत आल्या. ती पुन्हा ताडपत्रीखाली, तोच पान्हा, तोच गठ्ठा. पलीकडे काका आणि त्यांचा दोस्त चहाचे कप हातात धरून तावातावाने भांडत होते. एकोणीस वर्षांचं भांडण बाकी होतं ना, दोघांनाही घाई होती.

नववी गाडी त्याची. तो उतरला, हात पँटला पुसले आणि फॉर्म ओढून घेतला. चहा – उत्तम. स्वयंसेवक – हसतमुख, एकही न सोडता. फिती – सगळ्या दिसल्या, दोनशे बारा, मोजल्या. आणखी काही सूचना... इथे तो बराच वेळ थांबला. मग भराभर लिहून त्याने फॉर्म तिच्याकडे सरकवला.

'फिती बांधणारी एकटीच राबते. यावर्षीपासून, आणि एकूणच जन्मभर, तिच्या जोडीला मी चालेन का?'

तिने वाचलं. परत वाचलं. गाल तापले, कान तापले, मान वर होईना. तो मात्र टेबलाची कड घट्ट धरून उभा, चेहऱ्यावरचा रंग उडालेला.

"बोल ना काहीतरी... रागावलीस?"

"तुला दिसत नाहीये का?" ती पुटपुटली.

"काय?"

"माझ्या तोंडाकडे बघ की!"

त्याने बघितलं. अगदी जवळून, डोळे बारीक करून, जीव तोडून बघितलं. "अगं, मुली लाजल्या की लाल होतात, असं नुसतं ऐकून आहे मी," तो कळवळून म्हणाला. "मला ते कसं दिसणार? तूच मला तोंडाने सांगायला हवंस. नेहमीच."

तिने मान वर केली. काका बघत होते, दोस्त बघत होता, सचिव बघत होते. बघेनात का!

"लाल झालेय मी," ती मोठ्याने म्हणाली. "पार कानापर्यंत. आणि हो म्हणतेय. आता दिसलं?"