पाइपात नट घालायचा राहिला

ठकूच्या डोळ्यांना एक खोड होती. रस्त्यानं जाताना लोक दुकानांकडे बघतात, माणसांकडे बघतात. ही बघायची रस्त्यावर सांडलेल्या तेलाकडे. काळं दिसलं की इंजिनाचं, हिरवट दिसलं की रेडिएटरचं पाणी... काकांच्या गॅरेजमध्ये लहानाची मोठी झालेली मुलगी, दुसरं काय बघणार? त्या सकाळी मात्र तिला लाल थेंब दिसले. ताजे, अगदी ओळीनं पडलेले.

थेंबांचा माग काढत ती कोपऱ्यावरच्या दुकानापाशी पोचली. तिथं एक म्हातारी पांढरी व्हॅन उभी होती. ठकूनं इकडेतिकडे बघितलं नाही, विचारलं नाही, बाह्या वर केल्या आणि रस्त्याला पाठ टेकून सरळ गाडीखाली शिरली.

दुकानातून रिकामे ट्रे घेऊन बाहेर आलेल्या पाववाल्याला आपल्या गाडीखालून बाहेर आलेले दोन पाय दिसले. ट्रे हातातून खाली पडले.

"अहो... अहो! लागलं का तुम्हाला? मी तर गाडी हलवलीसुद्धा नाही!"

"मला काही झालं नाही," खालून आवाज आला. "गाडीला झालंय. उजेडाला बॅटरी आहे का?"

"बॅटरी... नाही. पाव आहेत."

गाडीखालून कुणीतरी खुदकन हसलं.

ठकू बाहेर आली तेव्हा तिच्या गालावर लाल तेलाचा ओघळ होता, आणि त्याच्या एका भुवईला पीठ लागलेलं होतं. सकाळपासून दोघांपैकी एकानंही आरसा बघितलेला नव्हता. तो तिच्या गालाकडे बघत राहिला, ती त्याच्या भुवईकडे, आणि सांगायचं मात्र कुणालाच सुचेना.

"गाडी बिनक्लचची आहे ना?" ठकूनं शेवटी कामाचं विचारलं.

"हो. मामांचा डावा गुडघा गेला होता, म्हणून त्यांनी मुद्दाम घेतली. आता मामा घरी बसलेत. बेकरी राहिली, गाडी राहिली... आणि मी राहिलो."

"मग नीट ऐका. हिच्या गिअरबॉक्समधलं हे लाल तेल तापतं. ते लोखंडी पाइपातून पुढं कूलरमध्ये जातं, गार होतं आणि परत येतं. तो पाइप त्याला धरणाऱ्या पट्टीपाशी घासून घासून गंजलाय. असंच चालवत राहिलात तर तेल संपेल, गिअरबॉक्स जळेल आणि गाडी भंगारात जाईल."

पाववाल्याचा चेहरा उतरला. अख्ख्या गावाचा पाव याच गाडीतून जात होता. दुसरी घेण्याची ऐपत नव्हती, हे त्यानं सांगितलं नाही. पण ट्रे उचलताना त्याचे हात ज्या सावकाशीनं हलले, त्यावरून ठकूला ते कळलं.

"चला गॅरेजवर," ती म्हणाली. "हळू चालवा."

गॅरेजवर तिनं पाइपाचा कुजका तुकडा कापला आणि त्या जागी तेलाला चालणारी जाड रबरी नळी घालून दोन्हीकडून क्लिपा आवळल्या.

"ही मलमपट्टी आहे," तिनं बजावलं. "खरं काम म्हणजे नवा लोखंडी पाइप. तो मागवावा लागेल. तोवर एक दिवसाआड येऊन क्लिपा तपासून घ्या. आणि चढावर गाडी घालू नका. रस्त्यावर लाल सांडलेलं दिसलं की इंजिन लगेच बंद करा."

"एक दिवसाआड?"

"जमणार नाही का?"

"नाही, नाही... जमेल. रोजसुद्धा जमेल," तो घाईघाईनं म्हणाला, आणि त्याचे कान लाल झाले.

तर असा तो येऊ लागला. ठकू गाडीखाली आणि तो बाजूला उकिडवा बसलेला. पीठ जास्त फुगलं की काय होतं, मामा भट्टीशी कसे भांडायचे, असलं काहीबाही तो सांगायचा, आणि ठकू खालून हं हं म्हणायची. क्लिपांना लागत होता त्याच्या दसपट वेळ ती गाडीखाली राहायची. जाताना तो बोनेटवर एक गरम पाव ठेवून जायचा. पहिल्या दिवशी एकच होता. काकांनी तो खाऊन टाकल्यावर दुसऱ्या खेपेपासून दोन येऊ लागले.

नवा पाइप आला. ठकूनं तो भिंतीवरच्या खिळ्याला अडकवला, आणि तो तिथंच राहिला.

"काय गं," एके दिवशी काकांनी विचारलं, "तो पाइप वाळत घातलायस का?"

"करते हो काका. बाकीची कामं पडलीयेत."

"पडली असतील. पण रबराच्या जिवावर किती दिवस काढणार आहेस?"

ठकूनं पाइपाकडे पाठ केली. काकांना सांगणार काय? लोखंडी पाइप एकदा बसला की वर्षानुवर्षं बघायला नको. आणि बघायला नको म्हणजे त्यानं यायलाही नको. गाडी बरी झालेला माणूस गॅरेजची पायरी चढत नाही, हे ठकूला चांगलं ठाऊक होतं. म्हणून ती चालढकल करत होती, आणि ते करताना तिला स्वतःची लाजही वाटत होती.

मग एका दुपारी गॅरेजच्या फोनवर त्याचा आवाज आला. पुलाचं काम निघालं होतं म्हणून त्याला चढावरून जावं लागलं. नळी क्लिपेतून निसटली. सगळं तेल रस्त्यावर.

"इंजिन बंद केलंत?" ठकूनं विचारलं.

"लगेच. आरशात मागं लाल दिसलं तसं बंद केलं. तुम्हीच सांगितलं होतं ना."

ठकू टोचनाची गाडी घेऊन निघाली. पाऊस भुरभुरत होता. तो व्हॅनजवळ उभा होता, अंगातला कोट गळक्या टपाखालच्या पावाच्या ट्रेंवर पांघरलेला आणि स्वतः चिंब. त्यानं तक्रार केली नाही, उलट "तुम्हाला त्रास दिला" म्हणाला. ठकूला त्यापेक्षा त्यानं चार शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं. गिअरबॉक्स वाचला होता, पण तो नशिबानं. आपल्याला तो यायला हवा होता म्हणून आपण त्याची भाकरी टांगणीला लावली... आपल्याला तो आवडतो, हेही तिला तिथंच, भुरभुरत्या पावसात, दोर बांधता बांधता स्वच्छ कळलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं पाइप खिळ्यावरून काढला.

जुना पाइप शेजारी ठेवून तिनं नव्यातला मापाचा तुकडा कापला आणि तसाच्या तसा वाकवला. एक वळण, दुसरं वळण, पट्टीपाशी थोडा बाक. पाववाला स्टुलावर बसून बघत होता.

"पाव वळताना मामा असंच करायचे. ओठ दाबून."

"मी ओठ दाबते?"

"दाबता ना. आणि काम मनासारखं झालं की डावी भुवई वर जाते. आत्ता गेली बघा."

ठकूनं भुवई खाली आणली, पाइपाचं टोक शिकंज्यात धरलं आणि दांडा फिरवून त्याचं तोंड कर्ण्यासारखं फुलवलं. मग दुसरं टोक फुलवलं. दोन्ही तोंडं गोल, गुळगुळीत, कुठं चीर नाही. तिनं समाधानानं पाइप वर उचलला आणि दारातून बघणाऱ्या काकांना हसू फुटलं.

कामाच्या बाकावर दोन नट तसेच पडलेले होते.

पाइपाचं तोंड फुलवण्याआधी त्यात नट ओवायचा असतो. एकदा तोंड फुललं की नट जात नाही. शिकाऊ पोरं पहिल्या आठवड्यात ही चूक करतात आणि जन्मभर विसरत नाहीत. ठकूनं ती कधीच केली नव्हती.

"वा मिस्त्रीणबाई," काका म्हणाले, आणि मुद्दाम खोकत मागच्या अंगणात निघून गेले.

"काय झालं?" पाववाल्यानं विचारलं.

"नट घालायचा राहिला. पाइप वाया गेला. पुन्हा पहिल्यापासून करावं लागेल."

"पण राहिला कसा?"

ठकूला खोटं बोलता आलं असतं. उजेड कमी होता, झोप झाली नव्हती, काहीही. पण कालच्या चढानंतर तिला याच्याशी खोटं बोलायचं नव्हतं.

"तुम्ही बोलत होतात."

"अरेरे... मग मी आता गप्प बसतो."

"नको," ठकू म्हणाली. "गप्प नका बसू. हा पाइप केव्हाच आलाय. मीच लावला नाही. लावला की तुम्ही यायचं थांबाल म्हणून. काल जे झालं ते माझ्यामुळं. चुकलंच माझं."

तो तिच्याकडे बघत स्टुलावर बसून राहिला. ठकूनं खाली मान घालून उरलेला पाइप मोजला, कापला, वाकवला. आधी नट ओवले. मग तोंडं फुलवली. बोनेट उघडून तिनं त्याच्या हातात एक पाना दिला.

"कूलरच्या बाजूचं हे तोंड पान्यानं घट्ट धरून ठेवा. मी नट आवळते. तुमचा हात हलला तर कूलरचं तोंड मोडेल. अजिबात हलू नका."

त्यानं धरलं. तिनं आवळलं. दोघांची मनगटं एकमेकांना टेकलेली होती आणि रेडिएटरमागच्या त्या अरुंद जागेत पिठाचा नि तेलाचा वास एक झाला होता. पण तो गप्पच. तेल भरलं, इंजिन सुरू केलं, गाडी तापू दिली, खाली पुठ्ठा अंथरला. एक थेंब पडला नाही.

"झालं," ठकू म्हणाली. "आता यायची गरज नाही."

"बरं," तो म्हणाला, आणि गाडी घेऊन गेला.

काकांनी त्या दिवशी तिला एकदाही चिडवलं नाही. त्यावरूनच आपलं तोंड किती उतरलंय, हे तिला कळलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी गॅरेजच्या दारात सावली पडली. ठकूनं मान वर केली. पाववाला होता, चालत आलेला. ठकूनं लगेच पान्यांची पेटी उचलली.

"कुठं बंद पडली?"

"पडली नाही. बेकरीसमोर उभी आहे. खाली कोरडं ठाक."

"मग चालत का आलात?"

"गाडी आणली असती तर तुम्ही आधी तिचीच विचारपूस केली असती." तो एक पाऊल आत आला. "मला... तुमच्याशी बोलायचं होतं. तुम्ही मला आवडता. खूप."

ठकूच्या हातातली पेटी दाणकन खाली आली.

"मग हे काल बोलायला काय झालं होतं?"

"काल तुम्ही हातात पाना दिलात आणि अजिबात हलू नका म्हणालात. बोललो असतो तर हात थरथरला असता... कूलरचं तोंड मोडलं असतं!"

ठकू हसायला लागली. हसता हसता डोळ्यांत पाणी आलं, ते तिनं तेलकट बाहीनं पुसलं आणि कपाळभर काळं फासून घेतलं. तो पुढं झाला, खिशातला रुमाल काढून हळूच तिचं कपाळ पुसू लागला. या वेळी हात चांगलाच थरथरत होता.

"काका," ठकूनं आतल्या बाजूला हाक मारली, "मी जरा बाहेर जाऊन येते."

"कुठली गाडी आहे?" आतून काकांनी विचारलं.

"गाडी नाहीये काका," ठकू म्हणाली, आणि त्याच्याबरोबर चालायला लागली.